मीठा पानी

उस्ताद, आज सकाळी एका जुन्या मोटारीचं सगळं पाणी काढून तिचं पोट धुतलं आणि दिवसभर तुम्हीच आठवत राहिलात. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. मराठी अक्षर तर तुम्हाला कधीच वाचता येत नव्हतं, तरी लिहितोय.

तुम्ही चालवायचात ती आळंदच्या डॉक्टरसाहेबांची मोटार त्या उन्हाळ्यात प्रत्येक चढावर वाफ सोडायची. बंगल्यातल्या विहिरीचं जड पाणी पिऊन तिच्या रेडिएटरात चुना धरला होता, आणि शनिवारी साहेबांना निंबर्ग्याला रोगी बघायला जायचं होतं. शुक्रवार होता. तुम्ही खालची तोटी सोडून तांबडं पाणी काढलंत, धुण्याचा सोडा घालून इंजिन तापवलंत, तेही काढलंत, आणि नमाजाची वेळ झाली तसं मला म्हणालात, "अब मीठा पानी भर. मैं आतूं." मी औरादकडचा, पंचविशीचा बाप्या, भावांशी भांडून बैलं सोडून मोटार शिकायला आलेला. तुमची दखनी बोली मला बाजारापुरती. सोडा झाला, आता मिठाची पाळी असणार, असं मी धरून चाललो. स्वयंपाकघरातून दोन मुठी मीठ मागून आणलं, पाण्यात कालवलं आणि भरून मोकळा झालो.

तुम्ही परत आलात ते मडगार्डवर सांडलेले खडे बघतच. एक उचलून जिभेवर ठेवलात आणि काय घातलंस म्हणून विचारलंत. मी म्हणालो, "मीठ. तुमीच म्हणलाव की." स्वयंपाकीण तोंडाला पदर लावून हसली. तुम्ही हसला नाहीत. मीठ लोखंडाला कसं खातं ते आवाज न चढवता सांगितलंत आणि शेवटी म्हणालात, "घर कू जा. बैलां हाँक."

मी जागचा हलत नाही. घरी गेलो तर भाऊ काय बोलतील ते मला तोंडपाठ आहे. मी म्हणतो, "न्हाई जायलो, उस्ताद. हे धुतल्याबिगर न्हाई." तुम्ही लिंबाखाली जाऊन बसता. गोड्या पाण्याची विहीर गावाबाहेर, आमराईच्या पलीकडे. कावड भरून आणतो, ओततो, इंजिन चालवतो, तोटी सोडतो, ओंजळीत घेऊन चाखतो. खारट. मग थांबायचं, कारण तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडा जातो, हे तुमचंच शिकवणं. ते नुसतं थांबणं कावडीपेक्षा जड जातं. पुन्हा विहीर, पुन्हा ओंजळ, पुन्हा खारट. खांदा सोलवटून निघाला. स्वयंपाकीण म्हणाली, अण्णा, चार घास तरी खाऊन घ्या. मी ऐकलं नाही, हट्टाला पेटलो होतो. ऊन कललं तेव्हा तुम्ही उठलात, तोटीखाली तळवा धरलात, चाखलंत आणि एवढंच म्हणालात, "अब भर."

दुसऱ्या दिवशी निंबर्ग्याला जाऊन आलो, वाफेचा पत्ता नव्हता. पुढं ही गोष्ट तुम्ही येईल त्या ड्रायव्हरला हसत सांगायचात. आमचा मीठा आणि यांचं मीठ, भाषेचा घोटाळा, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष. मी शेजारी खाली मान घालून ऐकायचो आणि तुम्हाला वाटायचं, लाजतोय.

उस्ताद, घोटाळा नव्हता. आदल्याच दिवशी त्या आमराईपलीकडच्या विहिरीचं पाणी पिऊन तुम्ही 'क्या मीठा है' म्हणाला होतात. मीठ कालवताना ते मला आठवलं आणि हात थांबला. तुम्ही तेव्हा आवारातच नमाजाआधी हातपाय धूत वजू करत होतात, दहा पावलांवर. विचारलं असतं तर सांगितलं असतंत. पण दोन महिने मी तुमच्या प्रत्येक शब्दाला 'जी, उस्ताद' म्हणून मान डोलवत होतो आणि त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं, हे उघडं पडलं असतं. म्हणून ओतलं. ज्याला कळलं नाही त्याला तुम्ही ठेवून घेतलंत. ज्याला शंका येऊनही विचारायची लाज वाटली, त्याला ठेवलं असतंत का, हे तुम्ही समोर होतात तेव्हाही मला विचारवलं नाही.