आये, तुझ्या घासातला जीव

आये, तुला अक्षर येत नव्हतं, मलाही येत नाही, तेव्हा हे वाचणार कोण कुणास ठाऊक. मी सांगते, नात लिहिते. माझी बोली ती गुपचूप सुधारते आहे. तिला वाटतं, आज्जीला कळत नाही.

तुझं पोट जळायचं. भाकरी थापता थापता उठायचीस, चिमूटभर खायचा सोडा पाण्यात टाकून प्यायचीस, मोठी ढेकर द्यायचीस. "जावई फौजेत, लेक एकली. तुज्या काळजीनं जळतंय बग." पुढं पुढं तुला घास जाईना, काडी झालीस. मिरजेला नेलं तर पोटात कॅन्सरची गाठ. तू गेलीस, आणि ती काळजी मी चाळीस वर्षं उरावर वागवली.

यंदा माझंही जळायला लागलं, म्हणून कुंडलहून सांगलीला गेले. डॉक्टरांनी नळी गिळायला लावली आणि टीव्हीवर माझंच पोट दाखवलं. लालभडक, ओलं, आपसूक हलणारं! नळी तोंडात होती म्हणून मी गप्प, एरवी सगळा दवाखाना गोळा केला असता. आतला कणभर तुकडा काढून तपासला. "आजी, जंतू आहेत. लहानपणीच शिरले असणार." पोटातल्या ज्या आंबटात भाकरीचं पाणी होतं, तिथं हा डोळ्याला न दिसणारा जीव साठ वर्षं संसार करून राहिला. माझा नवरासुद्धा एवढा टिकला नाही. त्याच्यामुळं पोटाचं अस्तर सुजतं, वर्षानुवर्षं सुजून झिजतं, आणि थोड्या जणांत शेवटी कॅन्सर होतो.

"म्हंजी आय माज्या काळजीनं गेली न्हाई?"

"काळजीनं नाही होत हो आजी."

मी रडले. त्यांना वाटलं, घसा दुखतोय. मग विचारलं, "आई घास चावून भरवायची का?" आवं, बिनदाताच्या पोराला आपल्यात सगळ्याच चावून भरवतात की! "त्यातूनही आला असेल. नक्की नाही सांगता येत." तुझ्या तोंडातून माझ्या तोंडात, आये. तू गेलीस, तो राहिला.

दोन आठवडे गोळ्या खाल्ल्या, आता माझं पोट शांत आहे. पण इथं नातीची लेखणी थांबली.

"आज्जे, माज्या आईलाबी चावूनच भरवलंस न्हवं?"

"व्हय."

"आन तिचं जळतंय तवा?"

"सोडा देते."

खरं सांगते आये, लेकीला तोंडानं सांगायचं धाडस दोन महिने झालं नाही. म्हणून तुझ्या नावानं पत्र काढलं. नात लिहील, लिहिता लिहिता तिला कळेल, एवढाच डाव. ती उठायलाच लागली होती. म्हटलं, एवढी ओळ लिही, मग जा आईकडं.