केशरी दगडांची वाट

कोळदरा, ता. चिखली
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. पुष्पास,

दादाचे आशीर्वाद, नेहमीसारखे पोतंभर. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनची रेंज आपल्याकडे फक्त घाटाच्या वळणावर, आणि तिथं संध्याकाळी निम्मं गाव एक कान मोबाइलला आणि दुसरा शेजाऱ्याला लावून उभं असतं. शिवाय फोनवर आपण दोघं बोलायला लागलो की लगेच भांडतो. पत्रातलं भांडण पोचायला आठवडा लागतो, तोवर निवतं.

तुझा दीपक सुखरूप आला. पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी, हातात म्हाताऱ्यासारख्या टेकत चालायच्या दोन काठ्या आणि वर उडणारं एक यंत्र. ते यंत्र पहिल्याच दिवशी आपल्या गोठ्यावर गेलं आणि म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं. पोरगा मात्र मेहनती आहे, तुझ्यावर गेलेला नाही. पुण्यातली नोकरी सोडून कोळदऱ्याभोवतीच्या डोंगरात सहलीच्या पायवाटा आखणार म्हणतो. शहरातली माणसं येतील, चालतील, दमतील आणि त्याचे पैसे देतील. माझा गोविंदा, मंडपाचे बांबू वाहणारा, रात्रभर विचार करून सकाळी म्हणाला, की भाऊ, आपुन तर फुकटच दमून राह्यलो!

नावं ऐक. म्हशीचा कडा, जिथून पंजोबांची म्हैस गेली, तो आता ‘सनसेट क्लिफ’. मुरमाची खदान ‘रेड कॅनियन’. आणि आपला नाला, जो गणपती उठले की आटतो आणि मग त्यात फक्त डुकरं बसतात, तो ‘मिस्टी रिव्हर वॉक’. मी म्हटलं, डुकरांनाही एखादं इंग्रजी नाव दे, त्यांनी काय घोडं मारलं?

आता हसणं थांबव. सगळ्या वाटा जिथं संपतात तो माथा, त्याचं नाव ‘हेवन्स एज’. तिथं तंबू लागणार. आणि तंबूंची जागा म्हणजे बरोबर गोजरकाकूचं अंगण. काका गेल्यापासून ती तिथंच चार बकऱ्या घेऊन राहते, हे तुला सांगायला नको. जमीन कागदावर बाबांची, म्हणजे आता तुझी नि माझी. दीपकला आपल्या दोघांच्या सह्या हव्यात आणि काकूनं खाली गावात खोली घेऊन राहावं असं त्याला वाटतं. त्यानं तिला हे फार गोड शब्दांत सांगितलं. काकूनं त्याला आधी भाकर वाढली, मग म्हणाली, की पोरा, तुह्या लोकायले सूर्य पाहाचा आहे तर पाहा ना, मी काय त्याच्या आड येऊन राह्यली का? मले काऊन हलवता?

मी सही केलेली नाही. तुझं काय ते कळव. माया आहेच, ती काही तू पुण्याला गेलीस म्हणून पातळ झालेली नाही.

तुझा,
पंजाबराव

*

पुणे
१७ ऑक्टोबर

ती. दादास,

पुष्पाचा सा. न. वि. वि. तुझ्या पोत्यातले आशीर्वाद पोचले, नेहमीप्रमाणे थोडे सांडले होते.

दादा, तू सही कर. तुझी थट्टा वाचून मी खूप हसले, पण दीपकचं वय आता थट्टेचं राहिलेलं नाही. नोकरी सोडल्यापासून इकडे प्रत्येक जण मला विचारतो, मुलगा काय करतो. डोंगरावर चालतो, असं मी किती जणांना सांगू? या वाटा उभ्या राहिल्या तर त्याला सांगण्यासारखं काही होईल.

आणि काकूंचं म्हणशील तर त्यांच्या भल्याचंच आहे. एकट्या बाईने माथ्यावर राहायचं, खाली अस्वलं फिरतात, साप आहेत. उद्या पाय घसरला तर बकऱ्या येऊन सांगणार आहेत का तुला? गावात खोली, दिवा, नळ, शेजार असेल. म्हातारी माणसं आधी नाहीच म्हणतात.

आणखी एक. तुझं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. डोंगरावर तंबू लागले तर ते कोणाचे लागतील, हे मला पुण्यात बसूनही दिसतं. तेव्हा काकूंचा एकटाच कैवारी असल्याचा आव आणू नकोस.

माझ्या सहीचा कागद दीपककडे पाठवते आहे. सर्दी झाली असेल तर रात्री दही खाऊ नकोस; झाली नसेल तरी खाऊ नकोस. लोभाची आठवण करून द्यावी लागू नये एवढीच इच्छा.

तुझी,
पुष्पा

*

कोळदरा
१० नोव्हेंबर

चि. सौ. पुष्पास,

अनेक उत्तम आशीर्वाद, या खेपेला पोत्याचं तोंड शिवून. वि. वि.

तंबू माझेच लागणार होते, हे खरं. मी बांबू खांद्यावर वाहून वर आलेला माणूस आहे. कोणी लग्न करो, कोणी मरो, कोणी निवडून येवो, मंडप माझाच. तुझा कागद आला, तशी त्याखाली मीही सही केली. पण त्या कागदाचं पुढं काय झालं ते ऐक.

धुक्यात पाहुणे चुकू नयेत म्हणून दीपकला वाटेवर खुणा करायच्या होत्या. कुठल्याशा परदेशी डोंगरात केशरी रंग लावतात म्हणे, धुक्यात उठून दिसतो. रहेमतुल्लाचाचांच्या हार्डवेअरमधून त्यानं दोन डबे ऑइल पेंट आणला आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत चांगले गोलमटोल दगड निवडून, उभे करून, रंगवून काढले. सगळ्यात मोठा दगड काकूच्या अंगणात, तंबूंच्या जागेचा मध्य म्हणून. पुण्यात वाढलेलं पोर! दगड उभा करून त्याला केशरी फासला तर वऱ्हाडात त्याचं काय होतं, हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं असतं, पण त्यानं विचारलं नाही आणि मला अमडापूरला प्रचारसभेचा मंडप होता.

मी परत आलो तोवर पहिल्या दगडापुढं नारळ फुटला होता. दुसऱ्याला कोणी तेल घातलं, तिसऱ्याला रुईची माळ. रेणुका अंगणवाडीवालीची हरवलेली कोंबडी चौथ्या दगडामागं सापडली, तेव्हापासून चौथा नवसाला पावतो. माथ्यावरचा मोठा तर सरळ मारुती. दीपक दारोदार फिरून सांगून राह्यला, की अहो, हा शेंदूर नाही, रंग आहे. लोक म्हणतात, हाव बाप्पू, रंग तू लावला, पण हात तुहा धरला कोणं? चाचा दुकानात कपाळाला हात लावून बसलेत. म्हणतात, पंजाबभाई, मैंने तो दो डब्बे बेचे, अब लोग पूछते हैं के देववाला माल और है क्या.

बुधवारी परवानगी देणारे साहेब वाट पाहायला आले. पहिल्याच दगडाशी मागून गावकरी ओरडले, साहेब, बूट! साहेबांनी बूट काढले. पुढं घालावेत तर दुसरा दगड समोर दिसतोय. असं करत बिचारे अनवाणी माथ्यावर पोचले, पायात काटे, डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं भक्तीचं आहे. त्यांनी मारुतीपुढं डोकं टेकलं आणि काकूच्या ओट्यावर बसून काटे काढून घेत शेरा लिहिला: माथ्यावर प्राचीन श्रद्धास्थान, तंबू लावू नयेत, पुजारी महिलेस त्रास होऊ नये.

आपल्या दोघांच्या सह्या असूनही काकू जागची हलणार नाही. दीपक दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी काकूकडेच जेवला. प्राचीन दगडाचा रंग अजून बोटाला लागतो, तेवढं जपून. प्रेमात उणं पडू देऊ नकोस.

तुझा,
पंजाबराव

*

पुणे
२३ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. अमडापूरचा मंडप तू एरवी गोविंदावर सोपवून घरी झोपतोस, हे मला माहीत नाही असं समजू नकोस.

मी तीन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग दीपकचा फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता, पण काकूंनी केलेल्या अंबाडीच्या भाजीविषयी तो बराच वेळ बोलला. मी विचारलं, परत येतोस का? तर म्हणाला, वाट तयार आहे, चालणारेही आहेत, फक्त ते अनवाणी आहेत. आता हसावं की रडावं?

तंबू गेले तर गेले. काकू तरी आता सुखाने राहतील. निदान देवाच्या राखणीत आहेत म्हणून मीही निर्धास्त झोपेन. तुझे सगळे टोमणे माफ करून,

तुझी,
पुष्पा

*

कोळदरा
२२ डिसेंबर

चि. सौ. पुष्पास,

आशीर्वाद. वि. वि. इतक्यात निर्धास्त झोपू नकोस. पुणेकरांपासून काकूला देवानं वाचवलं. भक्तांपासून वाचवायला देवाजवळ काही दिसत नाही.

मारुती प्रगट झाला म्हटल्यावर समिती आलीच. अध्यक्ष रंगराव. तोच, ज्यानं घाटाच्या तोंडाशी ‘व्हॅली व्ह्यू पार्क’ म्हणून प्लॉट पाडलेत, जिथून व्हॅली दिसत नाही आणि पार्कही नाही. समितीनं ठराव केला: माथ्यावर सभामंडप, भक्तनिवास आणि हातपाय धुवायची जागा. त्यासाठी झोपडी काढायची. पुजारीण म्हणून काकूला गावात खोली देऊ. तीच खोली, पुष्पा! तोच नळ, तोच शेजार. फक्त दीपकनं ती हात जोडून देऊ केली होती, आणि रंगराव म्हणतो, देवाच्या कामाला आडवी येणारी बाई म्हणजे काय म्हणावं?

मला बोलावून विचारलं, सभामंडप होईपर्यंत कापडी मंडप लावशील का? मी म्हटलं, लावीन की. माझा धंदाच आहे. कुदळ पडायच्या आदल्या संध्याकाळी मात्र काकूकडे चहापत्ती संपली होती म्हणून मी वर गेलो होतो. जरा बसलो, इकडचं तिकडचं बोललो. बस, एवढंच.

गुरुवारी अख्खं गाव माथ्यावर, कुदळ मारायला. काकू बाहेर आली, नवं लुगडं नेसलेली. म्हणाली, काढा झोपडी, माहं काही म्हणणं नाही. पण पहाटे मारुती सपनात आला होता. म्हणे, गोजरे, मले अठी थंडी वाजते. मले रंगरावच्या जाग्यात जायाचं आहे, रोडच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटात. बाजूचे दोन मोकळे ठेवजा म्हणे, लोकायच्या गाड्या लागतीन.

पुष्पा, मी हजारो लग्नांत माणसांचे चेहरे पाह्यले, पण त्या दिवशी रंगरावचा जो झाला तो कोण्या वधूपित्याचा झाला नसेल. लोकांनी तिथंच मारुतीचा जयजयकार केला. कोणी म्हणे ट्रॅक्टर आणा, कोणी म्हणे रंगराव, तुमचं नशीब थोर! कोपऱ्याचा प्लॉट जानेफळच्या एका मास्तरला विकलेला, विसार घेतलेला. रंगरावनं पाणी मागितलं. प्याला. मग हात जोडून तासभर प्रवचन दिलं, की देव उघड्यावरचाच खरा, देवाला छप्पर म्हणजे कैद, आपल्या बापजाद्यांनी कधी देव हलवला नाही, आणि सपनं काय हो, रात्री वांग्याची भाजी खाल्ली की मलेही पडतात. काकूनं विचारलं, मग झोपडी? रंगराव म्हणाला, माय, तुही झोपडी आहे म्हणून तर देव आहे. समिती तिथल्या तिथं मोडली. कुदळ गोविंदानं उचलून आणली, आपल्या कामाला.

कळव, कशी आहेस. आठवण काढत जा, ठसका लागला की मला कळतं.

तुझा,
पंजाबराव

*

पुणे
४ जानेवारी २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. काकूंना स्वप्न पडलं, त्यात प्लॉटचा कोपरा आणि गाड्यांची जागाही दिसली. ज्या बाईने आयुष्यात पार्किंग पाहिलं नाही, तिला मारुतीने इतकं बारीक सांगितलं! चहापत्ती कोणती होती तेवढी कळव, मीही आणीन.

पण दादा, हसून झाल्यावर मला झोप आली नाही. आधी माझा मुलगा तिला हलवायला निघाला, माझ्याच सहीने. मग रंगराव निघाला, देवाच्या नावाने. उद्या तिसरा कोणी निघेल, आणि दर वेळी तुझ्याकडची चहापत्ती पुरणार नाही. ती तिथे सून म्हणून आली तेव्हा आपण दोघं शाळेतही नव्हतो. माथ्याचा तो तुकडा तिच्या नावावर करून टाकू. मारुतीपेक्षा तलाठ्याची नोंद पक्की. दीपकला विचारलं. तो म्हणाला, आई, हे मी सुचवायला हवं होतं. त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मुलगा काय करतो या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं.

मी पंधरा तारखेला येते. गाडी पाठव, मंडपाची नको.

तुझी,
पुष्पा

*

कोळदरा
२६ जानेवारी

चि. सौ. पुष्पास,

आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून. वि. वि.

तू सही करून त्याच संध्याकाळी पळालीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. नोंद झाली. दीपकच्या वाटेवर रविवारी आता पुण्या-संभाजीनगरचे लोक येतात, बूट गळ्यात अडकवून चालतात आणि त्याला ‘बेअरफूट ट्रेल’ म्हणून जास्त पैसे देतात. त्यानं काकूच्या झोपडीमागून, कुंपण सोडून वाट फिरवली. तिच्या हातची भाकर-झुणका खायची तर आधी तिला विचारावं लागतं, आणि ती तोंड पाहून ठरवते.

काल मी उतारा घेऊन वर गेलो. वाचून दाखवला. श्रीमती गोजराबाई, मालक. तिनं पुन्हा वाचायला लावला, मग कागद घडी करून कमरेला खोचला. मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लावेल, डोक्यावरून हात फिरवेल, निदान चहा तरी ठेवेल. मी आपला ओट्याजवळच्या बोरीखाली बसलो आणि लहानपणापासूनच्या सवयीनं हात वर करून एक बोर तोडायला गेलो.

काकू म्हणाली, की पंजाब, झाड कोणाचं आहे?

मी म्हटलं, तुहं. तर म्हणे, मंग इचारावं लागते ना बे.

मी हात खाली घेतला, उभा राह्यलो आणि नीट विचारलं, काकू, एक बोर घेऊ का?

तिनं बोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ विचार केला, आणि नाही म्हणाली.

तुझा, अजूनही उपाशी,
पंजाबराव