गाडी तापली की

दादा,

टेबलावरचा पसारा आवरू नकोस. तो काळा डबा म्हणजे बाबांच्या गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर आहे. त्याला जोडलेला छोटा दिवा हा पेट्रोलचा पंप समज. मी कामावर निघालेय, पण तू एक गंमत करून बघच.

बटण दाब, दिवा लागेल. मग माझ्या हेअर ड्रायरने डब्यावरच्या लाल खुणेवर गरम वारा सोड. दीड मिनिटात दिवा विझेल. ड्रायर बंद करून थांब, थोड्या वेळाने आपोआप लागेल. मी अकरा वेळा करून पाहिलं. आत सोल्डरच्या एका टाक्याला केसाएवढी चीर आहे. तापली की उघडते, निवली की मिटते. गॅरेजपर्यंत ओढून नेईस्तोवर गाडी निवायची, आणि तिथलं मशीन सगळं ठीक म्हणायचं.

म्हणजे त्या दिवशी भर चौकात गाडी बाबांनी बंद पाडली नव्हती. त्यांच्या वयाचा काही संबंध नव्हता. ‘तापली की मरते रे ही,’ असं ते तेव्हाच म्हणाले होते. तू मान फिरवलीस आणि मी हसले. मी, जिचं पोट असलेच डबे दुरुस्त करण्यावर चालतं!

टाका मी संध्याकाळी मारते. गाडीची चावी तुझ्याच खणात आहे. मी काढली असती, पण त्यांच्याकडून घेतली होतीस तू. बाबा आठला फिरून येतील. आधी ड्रायर त्यांच्या हातात दे, मग चावी.

छोटी