गोळीचा सोळावा भाग

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग उतरलेला नाही. काल लेकीला बाळंतपणानंतर हिंगोलीहून घरी आणले. तिच्या नऊ दिवसांच्या मुलासाठी दिलेल्या थेंबांच्या बाटलीवर नर्सने पेनाने ठळक लिहिले आहे : दिवसातून एकदाच. ते वाचले आणि पुसेगावच्या घरातले तुमचे टेबल, ब्लेड आणि कोरे पोस्टकार्ड डोळ्यांपुढे आले.

सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झाल्यावर तुम्ही ओसरीत बसून गावाला औषधे देत होतात. लोक डॉक्टर म्हणत आणि तुम्ही म्हणू देत होतात. तुमचा नियम ठरलेला : मोठ्याला अख्खी गोळी, शाळकरी पोराला अर्धी, रांगत्याला पाव, अंगावरच्याला आठवा हिस्सा. हा नियम तुम्हाला कोणी शिकवला, हे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "तीस साल झाले, एक लेकरू मेलं का माझ्या हातानं?" हे उत्तर नव्हते, अण्णा. मेलेली लेकरे तक्रार घेऊन ओसरीवर येत नसतात.

माझी हीच लेक तेव्हा बारा दिवसांची होती. तुमच्या सुनेला, माझ्या बायकोला, आई नसल्यामुळे बाळंतपण आपल्याच घरी झाले होते. लेकीचे नाक चोंदले, दूध ओढताना तिला धाप लागू लागली. मी हिंगोलीला नेऊ म्हणालो. तुम्ही म्हणालात, "सव्वा महिना व्हायचाय. बाळंतिणीला अन् लेकराला गाडीत घालून हिंडवतोस व्हय?" आणि सर्दीची गोळी काढलीत. बी. कॉम. झालेल्या मी त्रैराशिक मांडले : अठ्ठेचाळीस किलोच्या माणसाला एक, तर तीन किलोच्या लेकराला सोळावा भाग. तुम्ही हसलात. "बराबर. आमच्यापेक्षा हुशार निघालास." गोळी पोस्टकार्डावर चुरून, ब्लेडने भुकटीचे चार वेळा दोन-दोन भाग पाडून तुम्ही पुड्या बांधल्यात. दिवसातून तीन, आईच्या दुधात कालवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक झोपलेलीच आहे. तुम्ही समाधानाने म्हणता, "लागू पडलं औषध." सून दारात उभी राहून म्हणते, "मामा, झोप अशी नसती. तळपायाला टिचकी मारली तरी रडून न्हाई राहिली. आता पुडी द्यायची न्हाई." तुम्ही तिच्याकडे बघतही नाही. "तू काहून घाबरतीस? दोन बुकं शिकली म्हणजे औषध कळत न्हाई." तुमचे हे वाक्य मी आजही माफ केलेले नाही.

दुपारी आपण जीपने हिंगोली गाठली. लेकरांच्या डॉक्टरने माझे त्रैराशिक ऐकून घेतले. "वजनाचं गणित बरोबर आहे," तो म्हणाला, "पण वेळेचं काय? हिचं लिव्हर आत्ता कुठं कामाला लागलंय, किडनी त्याहून सावकाश. तुमच्या अंगातून काही तासांत जाणारं औषध हिच्या अंगात कितीतरी जास्त वेळ राहतं. पहिली पुडी जायच्या आत दुसरी, तिच्यावर तिसरी. आणि हे औषध एवढ्या लेकराला द्यायचंच नसतं." मग त्याने विचारले, "एकूण किती दिल्या?"

मी म्हणालो, "तीन."

त्याने लेकीच्या तळपायाला टिचकी मारून पाहिली. "तीन पुड्यांत एवढी गुंगी? वाटणीतही हात चुकला असेल." तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "पुड्या म्याच बांधल्या. हात हलला असंल."

लेक तिसऱ्या दिवशी रडली. घरी आल्यावर तुम्ही ब्लेड कोनाड्यात टाकलेत आणि पुन्हा कुणाच्या लेकरासाठी गोळी कापली नाहीत. लोक येत, तुम्ही त्यांना हिंगोलीचा रस्ता दाखवत होतात. मला ते रास्तच वाटले. फक्त संध्याकाळी ओसरीत हात समोर धरून तुम्ही बोटे निरखत बसायचात, तेवढे मला बघवत नसे. मी आत निघून जात असे.

तुमचा नियम चूक होता आणि सुनेचे न ऐकणे त्याहून मोठी चूक होती. यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण तुमचा हात हलला नव्हता, अण्णा. त्या सकाळी सून अंघोळीला गेल्यावर, ठरलेली वेळ चुकू नये म्हणून, चौथी पुडी मी दिली होती.