डॉट टीएमपी वगळून

प्रिय सौमित्र,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून माझ्या बहिणीच्या, भक्तीच्या हाती हे पत्र डभोईला पाठवते आहे. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. मोटार रिवाइंडिंगचं तुझं दुकान बरं चाललंय, असं वाडीतल्या घरी तुझ्या आईंकडून कळलं. त्या अजून मला चहा देतात, आपलं लग्न मोडल्याचा विषय काढत नाहीत. त्याचाच जास्त त्रास होतो.

मी अजून नंदेसरीतच, कारखान्याच्या सर्व्हरपाशी. गेल्या आठवड्यात सगळं नव्या मशीनवर हलवायचं होतं, म्हणून जुना बॅकअप उलगडला. त्यात तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरचं तापमान नव्हतं. स्फोटाच्या दिवसाचंच नव्हे, एकाही दिवसाचं नव्हतं. बॅकअपची कमांड उघडली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच ती लिहिली होती, मोठ्या रुबाबात. जागा वाचावी म्हणून तिच्यात घातलं होतं, की नावाच्या शेवटी डॉट टीएमपी असलेली प्रत्येक फाइल वगळ. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या लेखी टीएमपी म्हणजे टेम्पररी, तात्पुरता कचरा. तुमच्या प्लांटवर टीएमपी म्हणजे टेम्परेचर. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

स्फोटात कंट्रोल रूमचं मशीन जळलं, तुझ्याबरोबर पाळीवर असलेले दिनकरराव गेले. थंड करायला पाणी सोडूनही रिअ‍ॅक्टर तापत होता, आकडे नोंदले आहेत, असं तू चौकशीत सांगत राहिलास. मी त्या एका दिवसाचा फोल्डर पाहिला आणि समितीसमोर म्हणाले, बॅकअपमध्ये नाही म्हणजे नोंद झालीच नाही. तेवढ्यावर, पाणी तू सोडलंच नाहीस असं ठरलं आणि तुझी नोकरी गेली. मलाही तू खोटा वाटलास, सौमित्र. त्याची मला फार लाज वाटते.

पण नुसती माफी मागायची असती तर मी अजून धीर गोळा करत बसले असते. मंगळवारपासून तीन नंबर पुन्हा तसाच तापतो आहे, दर बॅचला थोडा जास्त. मॅनेजरना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, ऋचाबेन, जे रेकॉर्डमां नथी, ए थयुं ज नथी. नोंद नाही म्हणजे झालंच नाही, माझंच समितीपुढचं बोलणं. पूर्वी कधी तापल्याची नोंद नाही, या आधारावर सोमवारी सकाळी सातला पूर्ण क्षमतेची बॅच लावणार आहेत. फॅक्टरी इन्स्पेक्टरना मी सगळं लिहून पाठवलं आहे, पण त्यांची कचेरी उघडते साडेदहाला. मी गेटवर उभी राहून भेटेल त्याला सांगेन. एक जण मात्र माझं ऐकणार नाही. तुझा उत्कर्ष. दिवाळीनंतर तो इथं लागला, तुला कळू द्यायचं नाही असं आईंना बजावून. सोमवारी तीन नंबरवर त्याचीच पाळी आहे. काल मी त्याला गाठलं, तर माझ्या भावाला खोटं पाडणारीचं मी का ऐकू, एवढं बोलून तो बसमध्ये चढला. तुझं तो ऐकेल. आज शनिवार आहे. भक्ती परत निघेल, तिच्याबरोबरच ये.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला नाही, तरी तुझीच,
ऋचा