छापून गेलेलं पान

अण्णा, परवा लेकीच्या फोनवर कुणीतरी लिहिलेला मजकूर पाहिला. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, पूर्णविराम शोधून सापडत नाही. मी नाक मुरडलं तर ती म्हणाली, "आई, कळलं ना? मग झालं की." मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, हेवा वाटला. त्यांचं चुकलं तर पुसता येतं, आणि त्यापायी कुणाची अब्रू जात नाही.

नव्वदच्या दशकात तुम्ही सांगलीच्या छापखान्यात लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासत होतात. शुद्धलेखनाचा एवढा सोस, पण घरी बोलायचात कोरेगावाकडचंच. मग गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीबद्दल स्वतःचं पुस्तक लिहिलंत. शेवटची प्रुफं आपण घरी वाचतोय; मी हस्तलिखित मोठ्यानं वाचतेय, स्वल्पविरामासकट, आणि तुम्ही छापील कागदावर पेन्सिल फिरवताय. पुढचं पान तुमच्या आईचं होतं. गावातली मेलेली म्हैस, आणि तिचं मटण आणायला डोक्यावर पाटी घेऊन गेलेली ती. नेमकी माझी कॉलेजातली मैत्रीण, ऊसवाल्या बागायतदाराची लेक, दारात येऊन बसलेली. तिच्यादेखत ते वाचायची मला लाज वाटली. तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि मी ते पान न वाचताच, प्रुफासकट, झालेल्या पानांवर उलटून ठेवलं.

परत येऊन तुम्ही विचारलंत, "ह्ये पान झालं न्हवं, बाय?"

"झालं की," मी म्हणाले. तुम्ही माझ्या शब्दावर छपाईला सही दिलीत.

पुस्तक आलं. त्या एका पानावर अकरा चुका, एक ओळ दोनदा. एका मुख्याध्यापकांनी तांबड्या शाईनं गोल करून प्रत परत पाठवली. आई म्हणाली, "आवं, येका पानानं काय हुतंय?"

"माझ्या आईचं पान हाय त्ये. बघून बी दिसलं न्हाई मला. डोळं गेलं माझं. आता लोकांची पुस्तकं कुठल्या तोंडानं तपासू?"

महिन्याभरात तुम्ही काम सोडलंत. दुपारभर एकेका प्रतीत पेनानं ते पान दुरुस्त करत बसायचात, आणि मी शेजारी बसून पुढची प्रत उघडून द्यायची. सगळ्या प्रती व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. रिकामपणानं खाल्लं, असं लोक म्हणाले.

आईलाही हे कधी सांगितलं नाही. हा कागदही घडी करून पुस्तकात, त्याच पानाशी ठेवणार आहे. तुमचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते, अण्णा. प्रती उघडून देताना मला ते माहीत होतं.