छतावरच्या टिकल्या

४ फेब्रुवारी, सकाळी

माझ्या कार्यक्रमाचा नवा सीझन. तीस सेकंदांचा प्रोमो, आणि तो व्हर्च्युअल सेटवर. म्हणजे मी हिरव्या खोलीत उभा राहणार. भिंती, खांब, टेबल हे सगळं कॉम्प्युटर भरणार. मी साफ सांगितलं, या चॅनलवर अकरा वर्षं भल्याभल्यांना घाम फोडला तो खऱ्या भिंतींपुढे. सत्याला पडदा लागत नाही. हिरवा तर नाहीच नाही.

तरी होकार दिला, कारण प्रोमोची प्रोड्यूसर आमची लेक आहे. प्रोबेशनवर आहे. हा प्रोमो वेळेत आणि नीट झाला तर कायम होईल, नाहीतर नारळ, असं हिने चहाबरोबर दोनदा ऐकवलं. वर म्हणे, अहो, या वेळी तरी तिचं ऐका.

म्हणजे पोरीचं भवितव्य माझ्या खांद्यावर. खांदे मजबूत आहेत.

संकल्प: तंत्रज्ञानाबद्दल मन मोकळं ठेवायचं.

५ फेब्रुवारी

रिहर्सल. लेक ऑफिसात मला सर म्हणते. सर, मॉनिटरकडे बघू नका. सर, खुणेच्या बाहेर जाऊ नका. सर, तिथे भिंत आहे. कुठे आहे भिंत? चारी बाजूंना पालकाच्या भाजीसारखा रंग.

मॉनिटरमध्ये माझ्यापुढे भारदस्त टेबल दिसत होतं. ‘जाब विचारलाच पाहिजे!’ या वाक्याला मी त्यावर मूठ आपटली. टेबल खोलीत नव्हतं. मूठ गुडघ्यापर्यंत गेली आणि मागोमाग मीही. कॉम्प्युटर सांभाळणारा हसला. हा गृहस्थ दर तिसऱ्या वाक्यात कॅलिब्रेशन म्हणतो, म्हणून त्याचं नाव कॅलिब्रेशनच ठेवलं आहे.

मागच्या नकाशाकडे हात केला, तर म्हणे नकाशा दुसऱ्या बाजूला आहे. माझ्या मते त्यांनीच तो चुकीच्या बाजूला लावला होता. वाद वाढवला नाही.

घरी लेक म्हणाली, बाबा, खुणेवर उभं राहून चार वाक्यं बोलायची आहेत, बस्स. चार वाक्यांत माझं नमन होत नाही. पण मान डोलावली. मन मोकळं.

८ फेब्रुवारी, रविवार

उद्या शूटिंग. मोठे साहेब जाहिरातदारांना घेऊन स्टुडिओ दाखवायला येणार. म्हटलं, आपण आधी एक नजर टाकावी.

बरं झालं टाकली. छतभर पांढऱ्या चकचकीत टिकल्या! ना रांग, ना नक्षी, कशाही चिकटवलेल्या. कुणाच्या तरी वाढदिवसाची सजावट, काढायचं भान कुणालाच नाही. पाहुण्यांनी वर बघितलं तर लाज कुणाची जाणार? माझ्या लेकीची.

हाऊसकीपिंगवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, विचारून घेऊ का कुणाला? मी म्हटलं, प्रोमोच्या मॅडमनीच सांगितलंय. तिचं नाव घेतलं की कामं पटापट होतात. बापाला एवढाही हक्क नसावा का?

तो शिडीवर, मी खाली. शिडी धरून उभं राहायचं म्हणून सार्वजनिक स्वच्छतेवर थोडं बोललो. दुपारपर्यंत छत लख्ख. लेकीला सांगितलं नाही. उद्या आपोआप कळेल.

९ फेब्रुवारी

कळलं.

पहिल्याच टेकला सेट हलायला लागला. कॅमेरा सरकला की खांब भलतीकडे. एक माझ्या पोटातून आरपार गेला. जमीन बोटीसारखी डोलत होती आणि मी तिच्यावर वीतभर तरंगत होतो. मोठे साहेब पाहुण्यांसमोर घाम पुसत होते. मी प्रसंग सावरला. कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हटलं, उसन्या तंत्रावर उभ्या राहिलेल्या इमारतीची हीच गत होते! उत्स्फूर्त होतं. पाहुण्यांपैकी एकाने मान डोलावली.

तेवढ्यात कॅलिब्रेशनने वर बघितलं आणि ओरडला, छतावरच्या टिकल्या कुठे गेल्या?

त्या टिकल्या सजावटीच्या नव्हत्या. त्या बघून कॅमेऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं म्हणे. त्या कशाही चिकटवलेल्या असतात, कारण तशाच लागतात. आता सगळ्या नव्याने लावायच्या, मापं घ्यायची. दोन दिवस. आणि उद्यापासून स्टुडिओ आठवडाभर दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेला. प्रोमो शुक्रवारी लागायचाय.

कुणी काढल्या, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. हाऊसकीपिंगवाला म्हणाला, प्रोमोच्या मॅडमचा निरोप होता.

लेकीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, गोंधळली असावी.

मी बोलणारच होतो. पण पाहुण्यांसमोर चॅनलची अब्रू! योग्य वेळी बोलेन. परवा सगळ्यांची मीटिंग आहे.

१० फेब्रुवारी

भाषणाची तयारी. एकच वाक्य सांगायचंय: टिकल्या मी काढायला लावल्या. पण नुसतं वाक्य कसं टाकणार? त्याला पार्श्वभूमी हवी. प्रस्तावना: माणूस आणि यंत्र. मग जबाबदारी म्हणजे काय. मग छतावर सूचना का लिहिलेली नव्हती, हा व्यवस्थेला थेट सवाल. त्यानंतर ते वाक्य. जरा सौम्य करून: ‘स्वच्छतेच्या तळमळीपोटी एका ज्येष्ठाकडून...’

लेक जेवली नाही. ही म्हणाली, तुम्ही जरा तिच्याशी बोला. म्हटलं, उद्या असा बोलेन की बघत राहाल.

११ फेब्रुवारी

मीटिंग. उभा राहिलो. लेक कोपऱ्यात बसली होती, पूर्ण वेळ माझ्याकडे बघत. इतक्या एकाग्रतेने तिने माझं भाषण लहानपणीही ऐकलं नव्हतं. त्यामुळे रंगलोच.

माणूस आणि यंत्र झालं. जबाबदारी झाली. व्यवस्थेला सवाल केला तेव्हा सेल्सवाल्यांनी बाकं वाजवली. त्या ओघात शेवट आधीच येऊन ठेपला. टाळ्या पडल्यावर पुन्हा उभं राहून पुरवणी जोडणं बरं दिसत नाही.

लेक तोवर बाहेर गेली होती. पाणी प्यायला असेल.

संकल्प: मोठ्या साहेबांना एकटं गाठून सांगायचं. चार वाक्यांत.

१३ फेब्रुवारी

साहेब बैठकीत होते.

१६ फेब्रुवारी

साहेब भेटले. म्हणाले, त्या दिवशी मीटिंगमध्ये काय बोललात हो! त्यांच्या उत्साहावर विरजण टाकवेना.

प्रोमो लागला. माझं जुनं फुटेज कापून नव्या सेटवर चिकटवलंय. तोंड हलतंय, हात हलतायत, आवाज बंद, वर ढोल. हिने विचारलं, काय बोलताय हो यात? बराच वेळ बघितलं. ओळखता आलं नाही.

लेकीला कायम केलं नाही. ‘पुरेशी दक्षता आढळली नाही.’ अपील करायला हवं. मसुदा मी लिहून देतो म्हटलं, तर म्हणाली, नको बाबा.

२२ फेब्रुवारी

लेक आज गेली. दुसऱ्या शहरात, लहानशा स्टुडिओत नोकरी. पगार कमी. मी बॅग खाली नेली. वाटेत तिला धीर द्यायचा म्हणून म्हटलं, त्या हाऊसकीपिंगवाल्याने खोटं सांगायला नको होतं.

ती थांबली. म्हणाली, बाबा, त्याने मला त्याच दिवशी सगळं सांगितलं. साहेबांना सांगतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. म्हटलं, बाबा सांगतील. मीटिंगमध्ये तुम्ही उभे राहिलात ना, तेव्हा वाटलं, आता सांगणार. शेवटपर्यंत वाटत होतं.

मग म्हणाली, बोललात मात्र छान.

टॅक्सी आली. ते एक वाक्य अगदी जिभेवर होतं. ना प्रस्तावना, ना पार्श्वभूमी. तिने काच खाली केली आणि वाट बघत राहिली. ड्रायव्हरही थांबला.

पोचलीस की फोन कर, म्हटलं.

रात्री फोन आला. हिला.